मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र: आईसाठी घेतलं, आठ महिन्यांनी लिहिते आहे

घ्यावं की नाही एवढंच ज्यांना विचारायचं आहे त्यांना आधीच सांगते: घ्या. घरात साठी ओलांडलेलं कुणी असेल आणि ते माणूस अजून चष्मा पुसून पुसून जुन्याच बायबलमध्ये डोकं घालत असेल, तर नाताळची वाट बघत बसू नका. ज्यांना सविस्तर हवं आहे त्यांच्यासाठी पुढचं लिहिते. या पुस्तकाचे दोष मला माझ्या कामामुळे दिसले आणि गुण आईमुळे कळले.

मी पुण्यात डीटीपीचं काम करते. सव्वीस वर्षं झाली. दुसऱ्यांची पुस्तकं, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल पानांत बसवायचे. अक्षर किती पॉइंटाचं, दोन ओळींत अंतर किती, कागद किती ग्रॅमचा, हे नुसतं पाहून सांगता येतं. आणि माझ्या आईला अक्षर दिसत नाही, हे मला दोन वर्षं कळलं नाही.

आई शहात्तर वर्षांची आहे. राहुरी तालुक्यात आमच्या गावी राहते. अंगणवाडीत बाई होती, निवृत्त झाल्यावर मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, महिला मंडळाचं सगळं तीच बघायची. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डाव्या डोळ्याचा पडदा साखरेने खराब झाला. चष्मा आहे, तो ती लावतेही. दर रविवारी उपासनेला जाते, मांडीवर पवित्र शास्त्र उघडते, पाळकसाहेबांनी अध्याय सांगितला की पानं उलटते आणि सगळ्यांबरोबर तिचे ओठ हलतात. वाचते आहे, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी स्त्रियांचा जागतिक प्रार्थना दिन असतो. यंदा मी रजा काढून गावी गेले होते. आईच्या वाट्याला यशयातला एक उतारा वाचायला आला होता. ती पुढे गेली, पुस्तक उघडलं, खुणेची फीत बाजूला केली आणि १२१ वं स्तोत्र म्हणाली. आठही वचनं, एका अक्षराची चूक नाही. मग पुस्तक मिटून जागेवर येऊन बसली. पाळकबाईंना वाटलं पान चुकलं. बायका एकमेकींकडे बघून गप्प राहिल्या. मी तिसऱ्या बाकावर होते. आईची नजर पानावर नव्हतीच, ती समोरच्या भिंतीवर होती.

रात्री अंथरुणं घालताना विचारलं, "तुला दिसत नाही का गं?"

"काळा काळा गिचका दिसतो," ती म्हणाली. "पण पाठ हाय ना मला. पाठ हाय तेवढं वाचते."

पाठ आहे तेवढं. म्हणजे चाळीसएक स्तोत्रं, डोंगरावरचं प्रवचन, योहानाचे काही अध्याय, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय. सहासष्ट पुस्तकांतलं एवढंच तिच्याकडे उरलं होतं, बाकीचं दोन वर्षं मिटलेलं. आणि हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, ते मला कळलं. तिची आई, म्हणजे माझी आजी, मिशनच्या रात्रशाळेत अक्षरं शिकली होती. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं, आणि मिस सिंथिया फॅरार यांच्या तिथल्या मुलींच्या शाळा जोतिराव फुल्यांनीही पाहिल्या होत्या, हा इतिहास पुस्तकांत आहे. आमच्या घरात तो एवढाच आहे की आजीला वाचता येत होतं आणि वस्तीतल्या दहा बायकांना येत नव्हतं. संध्याकाळी त्या बायका जमायच्या आणि आजी कंदिलाशी बसून मार्कचं शुभवर्तमान वाचून दाखवायची. शेत नव्हतं, घर मातीचं होतं; वाचता येणं हीच आमच्या घरातली पहिली इस्टेट. अशा बाईच्या मुलीने मला दिसत नाही, मी वाचू शकत नाही, असं मंडळीत उभं राहून कसं सांगायचं?

आता पुस्तकाकडे येते.

आईचं जुनं पवित्र शास्त्र वडिलांनी घेतलेलं, माझ्या लग्नाच्या आधीचं. मी पट्टी लावून पाहिली, अक्षर जेमतेम सात-साडेसात पॉइंटाचं निघालं. इंग्रजी पुस्तकात या आकाराचं अक्षर एकवेळ चालून जातं. देवनागरीत नाही चालत. आपल्या अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार असतात आणि पायाशी उकार, ऋकार, जोडाक्षरांचे अर्धे तुकडे. एका ओळीच्या उंचीत तीन मजले चढवायचे म्हटल्यावर मधल्या मजल्याला जागा कुठून उरणार? डोळा अधू झाला की आधी वरचा मजला जातो. 'स्वर्ग'वरचा रफार दिसत नाही आणि 'स्वग' असा अर्थ नसलेला शब्द उरतो. मग सारखी दिसणारी अक्षरं एकमेकांत मिसळतात: भ आणि म, घ आणि ध, ष आणि प. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू कष्टी आणि भाराक्रांत लोकांना बोलावतो. तो शब्द आईला 'माराक्रांत' दिसायचा. 'भाराक्रांत' तिला पाठ होता म्हणून तिने दुरुस्त करून घेतला. जे पाठ नव्हतं तिथे दुरुस्त कसं करणार? तिथे तिने वाचणंच सोडलं.

भावाने आधी फोनवर बायबलचं ॲप टाकून दिलं. ॲप चांगलं आहे, मी स्वतः बसमध्ये वापरते. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, मराठीत ऐकताही येतं, पैसे पडत नाहीत. ज्यांच्या बोटांना फोनची सवय आहे त्यांनी त्यावरच राहावं. आईचं मात्र तिथे जमलं नाही. तिचा अंगठा काचेवर टेकला की पान पळायचं. मधेच कुणाचा तरी फोन यायचा आणि परत ती जागा सापडायची नाही. मंडळीत फोन काढला की शेजारची बाई वळून बघायची. ऐकणं तिने उपवासकाळात पंधरा-वीस दिवस नेटाने केलं. मग एकदा म्हणाली, "तो वाचणारा चांगला वाचतो गं. पण मला एखाद्या वचनापाशी थांबायचं असतं आणि तो पुढं निघून गेलेला असतो."

विश्वास ऐकण्याने येतो, असं पौल रोमकरांस लिहितो, आणि ते मला मान्य आहे. आजीच्या कंदिलाभोवती बसलेल्या बायकांचा विश्वास ऐकूनच आला होता. पण थांबणं हा वाचणाऱ्याचा हक्क आहे. एका ओळीवर बोट ठेवून दहा मिनिटं खिडकीबाहेर बघत बसायचं, मग परत तीच ओळ. आईची प्रार्थना अशीच असते, लहानपणापासून मी पाहिली आहे. तिचं हे बोट ठेवणं गेलं होतं.

दुसरं मी तिच्यापुढे ठेवलं ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल. वसईच्या फादरांचं मराठी मला फार आवडतं. या कामासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि २०२४ च्या जुलैत ते गेले तेव्हा आमच्या प्रोटेस्टंट घरातही आपलं माणूस गेल्यासारखं वाटलं. जो मराठी वाचक चर्चची भाषा ऐकत वाढलेला नाही त्याला मी तेच पुस्तक देईन, डोळे मिटून. आईला त्यातलं एक स्तोत्र मी वाचून दाखवलं. तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "गोड हाय. पण हे मला कुणीतरी सांगतंय असं वाटतं. माझं ते आतून येतं." तिच्या कानांत, जिभेवर, छातीत आर. व्ही. भाषांतर बसलेलं आहे, आमच्या मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालतं ते. त्यातले 'तारण', 'कृपा', 'सार्वकालिक जीवन' हे शब्द तिने आधी ऐकले, अर्थ मागाहून कळला. शहात्तराव्या वर्षी ते बदलायला सांगणं मला बरोबर वाटलं नाही. म्हणून आर. व्ही.चीच, पण मोठ्या अक्षरांतली प्रत शोधली.

पुण्यातल्या एका ख्रिस्ती पुस्तकविक्री केंद्रात मिळाली. ८५० रुपये. चेनचं कव्हर १५० रुपयांना वेगळं. ते कव्हर घेऊ नका. तिसऱ्या आठवड्यात चेन निघाली आणि कोपऱ्याची शिवण उसवली. मी आईच्या जुन्या इरकली लुगड्याचा तुकडा घेऊन घरीच कव्हर शिवलं, आत पातळ फोमचा थर दिला. ते आजही नीट आहे आणि हाताला बरं लागतं.

पुस्तकाची उंची २४ सेंटिमीटर, जाडी साडेपाच. गावच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवलं तर १ किलो ८५० ग्रॅम भरलं. अक्षर माझ्या मोजणीने चौदा पॉइंटाच्या आसपास आहे, जुन्याच्या बरोबर दुप्पट. ओळींत अंतर पुरेसं सोडलं आहे, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला धडकत नाही. हे ज्याने केलं त्याला मराठी वाचता येत असणार. पुष्कळ पुस्तकांत नुसतं अक्षर फुगवतात आणि ओळी तशाच एकमेकींवर चढलेल्या राहतात. शाई काळीभोर आहे, करडी नाही. म्हाताऱ्या डोळ्याला आकाराइतकाच काळेपणा लागतो. कागद अर्थातच पातळ आहे, दीड-पावणेदोन हजार पानांना दुसरा कागद चालणारच नाही. मागच्या पानाची सावली थोडी येते. उजेड खिडकीतून बाजूने घेतला तर ती जाणवत नाही, समोर दिवा ठेवला तर जाणवते. बांधणी दोऱ्याने शिवलेली आहे, नुसत्या गोंदाची नाही, हे मी दुकानातच कणा वाकवून पाहून घेतलं. तुम्हीही पाहा. गोंदावरचं एवढं जाड पुस्तक वर्षभरात सुटं होतं.

नवीन आणल्यावर एक काम करा. पुस्तक कण्यावर टेबलावर उभं धरा. आधी दोन्ही पुठ्ठे खाली सोडा, मग पुढची दहा-पंधरा पानं, मग मागची दहा-पंधरा, असं आळीपाळीने हलकं दाबत मध्यापर्यंत या. आमच्या बाइंडरने मला हे शिकवलं. असं केलं की उत्पत्तीचं, म्हणजे बायबलातल्या पहिल्याच पुस्तकाचं, पहिलं पानही सपाट पडतं. नाहीतर आपण अधीर होऊन मधेच उघडतो आणि कणा तिथेच कायमचा मोडतो.

वजन हा खरा अडथळा आहे. आईला दोन किलो मांडीवर अर्धा तास पेलत नाही. तुळशीबागेतून पोथी वाचायला वापरतात तसला घडीचा लाकडी स्टँड आणला, तेव्हा प्रश्न सुटला. स्टँड नसेल तर या पुस्तकाचा निम्मा उपयोग वाया जाईल, एवढं मी म्हणेन. मंडळीत नेता येत नाही, ते घरीच राहतं. फीत एकच आहे, जुना करार आणि नवा करार असं दोन्हीकडे वाचणाऱ्याला दोन लागतात. दुसरी मी कण्याला चिकटवली. प्रत्येक पानावर दोन रकाने आहेत, ते मला पटलं नाही. एवढ्या मोठ्या अक्षराला अरुंद रकाना दिला की 'नबुखद्नेस्सर' हे राजाचं नाव एकटंच सगळी ओळ अडवून बसतं आणि खालच्या ओळीत शब्दांमध्ये भगदाडं पडतात. शेवटचे नकाशे आई बघत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

सगळ्यात मोठी उणीव वचनांच्या अंकांची. मजकुराचं अक्षर दुप्पट केलं, पण अंक तसेच चिमुकले ठेवले, ओळीच्या वर टांगलेले. आईला अध्याय सापडतो, वचन सापडत नाही. "तेविसावं कुठाय?" म्हणून ती बोटाने चाचपडत राहते. छापणाऱ्यांनी पुढच्या वेळी एवढं तरी करावं. मी उपाय म्हणून बारीक लाल पेन घेतलं आणि दर पाचव्या वचनाशी समासात मोठा अंक लिहायला बसले. दोन सुट्ट्या गावी राहून चारही शुभवर्तमानं आणि स्तोत्रसंहिता पूर्ण केली.

हे करताना माझं वाचन झालं. खरं सांगायचं तर कित्येक वर्षांत मी सलग शुभवर्तमान वाचलं नव्हतं. रविवारी जे वाचलं जाईल ते कानावर पडायचं. आठवडाभर अक्षरं बघून डोळे इतके शिणलेले असायचे की घरी आल्यावर पुस्तक नको वाटायचं, कुठलंच. आता पाच, दहा, पंधरा असे अंक घालत मार्कच्या आठव्या अध्यायात आले. बेथसैदा गावातल्या आंधळ्याची गोष्ट. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसतं का? तो माणूस वर बघतो आणि खरं काय ते सांगतो: माणसं दिसताहेत, पण ती चालत्या झाडांसारखी. मग येशू पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो, आणि मग त्याला सगळं स्वच्छ दिसतं.

ही गोष्ट मी शब्बाथशाळेत असल्यापासून ऐकते आहे. प्रवचनात नेहमी दोनदा हात का ठेवावा लागला यावर बोलतात. पेन हातात धरून मी त्या प्रश्नापाशी थांबले. तुला काही दिसतं का? बरं करणारा स्वतः विचारतो. त्याने धरून चाललेलं नाही. आणि त्या माणसालाही थोडंच दिसतंय, धूसर दिसतंय, असं सांगायची लाज वाटलेली नाही, कारण विचारणाऱ्याने त्याला आधी गर्दीतून बाजूला नेलं होतं, हात धरून. आमच्या मंडळीत दर रविवारी आई तिसऱ्या बाकावर ओठ हलवत होती. पाळक, महिला मंडळ, मी, भाऊ, कुणीही तिला हा प्रश्न विचारला नाही. आम्ही तिच्यासाठी प्रार्थना करत होतो, तिच्या ऑपरेशनच्या दिवशी तर उपवासही केला होता. विचारलं तेवढं नव्हतं.

मी आईची परवानगी घेऊन पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते मनापासून ऐकून घेणारे आहेत. पुढच्या रविवारी वाचनाआधी त्यांनी विचारलं, ज्यांना बायबलचं अक्षर दिसत नाही त्यांनी हात वर करावा. एकही हात वर झाला नाही. मला ते ऐकून वाईट वाटलं, आश्चर्य वाटलं नाही. मग महिला मंडळाच्या दोघी-दोघी घरोघर गेल्या, चहाला बसल्या, आणि बोलता बोलता एकेकाला वेगळं विचारलं. अकरा जण निघाले. त्यांत एक आजोबा असे की ज्यांच्याकडे पंधरा वर्षं वाचनाची जबाबदारी होती आणि गुडघे दुखतात असं सांगून त्यांनी ती सोडली होती. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं.

कापणीच्या सणाला लिलावात जमलेल्या पैशांतून मंडळीने अशा चार प्रती घेतल्या. पुढच्या दोन बाकांना तिरकी फळी बसवून घेतली, त्यावर त्या असतात. दोघांत एक वाचतात. ज्या मंडळ्यांत हे वाचलं जाईल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: नवा साउंड सिस्टीम, नवे पडदे घेण्याआधी हे करा. पडद्यावर प्रोजेक्टरने वचन दाखवणं हा त्याला पर्याय आहे असं शहरातल्या मंडळ्यांना वाटतं. ते पान तीस सेकंदांत बदलतं, आणि ते बदलायचं केव्हा हे दुसराच कुणी ठरवतो.

गीतांच्या पुस्तकाचं दुखणं याहून मोठं होतं. 'उपासना संगीत' मोठ्या अक्षरांत मला कुठेच मिळालं नाही. आमच्याकडे जी गीतं वर्षभर फिरून फिरून म्हणतात अशी बेचाळीस निघाली, त्यांत पुष्कळशी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. ते १९१९ साली गेले, पण नगर जिल्ह्यात त्यांच्या अभंग-ओव्यांशिवाय उपासना होत नाही. मी ती गीतं बावीस पॉइंटांत लावली, एका पानावर एकच, ए-फोर कागदावर, स्पायरल बांधणी. याला झेरॉक्सचा खर्च धरून प्रतीमागे ९० रुपये पडले. गाताना मान वर राहते, त्यामुळे आवाज मोकळा येतो, हे आम्हांला मागाहून लक्षात आलं.

ही पानं लावत असताना केडगाव पुष्कळदा मनात आलं. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, सगळ्या बायबलचं मराठी केलं, साध्या बाईलाही कळावं म्हणून. ते जुळवलं आणि छापलं मुक्तीतल्याच बायकांनी. दुष्काळातून, बालवैधव्यातून आलेल्या मुलींच्या हातांत शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, होते. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. शेवटची प्रुफं तपासून व्हावीत म्हणून त्यांनी देवाकडे थोडे दिवस मागितले होते, असं आमच्याकडे सांगतात. छापलेलं पुस्तक १९२४ साली बाहेर आलं. मी रोज प्रुफं बघते. एक वेलांटी सुटली तर ग्राहक बोलेल, एवढीच माझी भीती असायची. त्या बायका ज्या भीतीने, ज्या मायेने खिळा उचलत असतील तिचा थोडा स्पर्श मला त्या बेचाळीस गीतांत झाला. 'ख्रिस्त'मधला रकार नीट दिसतोय ना, म्हणून मी एकेक पान हाताच्या अंतरावर धरून, डोळे किलकिले करून बघत होते.

आईच्या जुन्या पुस्तकात पुढच्या कोऱ्या पानांवर घरातली नोंद आहे. वडिलांच्या अक्षरात आमचे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं. शेवटची ओळ आईच्या अक्षरात, वडील गेले ती तारीख. नव्या पुस्तकात ही सगळी नोंद उतरवून देऊ का, असं मी विचारलं. ती नको म्हणाली. ज्याने लिहिलं त्याच्या हातचं तिथंच राहू दे. ते पुस्तक आता कपाटात, वडिलांच्या चष्म्याच्या घराशेजारी ठेवलं आहे. नव्याच्या कोऱ्या पानावर तिने स्केचपेनने, एकेक अक्षर बोटाएवढं काढून, त्या दिवसाची तारीख लिहिली आणि खाली 'उत्पत्तीपासून'.

आणि ती खरंच उत्पत्तीपासून वाचते आहे. सकाळी चहा झाला की खिडकीशी, बाजूने उजेड घेऊन, स्टँडवर. रोज एक अध्याय, कधी दोन. आयुष्यात तिने लेवीय आणि गणना सलग कधी वाचलेलं नव्हतं. कामं, मुलं, अंगणवाडी, त्यांत सवड मिळाली तर स्तोत्र किंवा शुभवर्तमान, असं असायचं. आता नेम धरला आहे. मधेच नव्या करारात डोकावते, दुसरी फीत तिथे असते. गलतीकरांसच्या शेवटच्या अध्यायात पौल लिहितो की पाहा, मी केवढ्या मोठ्या अक्षरांत स्वतःच्या हाताने तुम्हांला लिहितो आहे. ते वचन सापडलं त्या दिवशी तिने मला दुपारी कामावर फोन केला. "पौलाचे बी डोळे अधू असतील का गं?" मी म्हटलं, काही अभ्यासक तसं म्हणतात. ती एवढी आनंदली की मला उगाच भरून आलं.

सध्या पहिलं इतिहास चालू आहे. ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत असेल, पहिले नऊ अध्याय नुसती नावं आहेत. आदाम, शेथ, अनोश इथून सुरुवात होते आणि पानंच्या पानं बापाचं नाव, मुलाचं नाव, त्याच्या मुलाचं नाव. रात्री फोनवर ती एकेक नाव मला वाचून दाखवते आणि बरोबर म्हटलं का ते विचारते. मी म्हटलं, आई, हे अध्याय गाळून पुढे गेलीस तरी चालेल, सगळेच गाळतात. ती म्हणाली, "आता दिसतंय तर कशाला गाळू?"

काल चौथा अध्याय संपला. अजून पाच अध्याय नावंच आहेत.